देवाला सांगितलेला पत्ता

या सगळ्यातून नलिनीच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघू. सोफ्यावरची एक जागा, आणि एक मैत्रीण. बस, एवढंच.

सोफा होता मुलुंडच्या सुनंदाताईंचा. ‘सीमेवरचा फराळ’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या त्या अ‍ॅडमिन. वर्षभर ग्रुपवर गुडघेदुखी, पाण्याच्या वेळा, सुनांची गाऱ्हाणी आणि सुविचार चालत, आणि दिवाळीच्या आधी सगळ्या जणी सुनंदाताईंकडे जवानांसाठी खोकी भरायला जमत. निवृत्त मुख्याध्यापिका, वकीलबाई, बँकेतल्या मॅडम अशा सोफ्यावर. दिंडोशीच्या वसाहतीतून बस बदलत आलेली, गिरणीतून घरी बसलेल्या धोंडूची बायको नलिनी दाराजवळच्या स्टुलावर. तिला तिथे बस असं कुणी म्हटलं नव्हतं. अशा जागा आपोआप वाटल्या जातात.

गंमत म्हणजे सोफ्यावरच्या बायका ज्यांना ‘प्रिय जवान बंधू’ असं चिठ्ठीत लिहायच्या, त्यांतला एकही त्यांच्या ओळखीचा नव्हता. नलिनीचा मुलगा नितेश मात्र खराखुरा फौजेत होता. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती.

विचारली ती शर्मिष्ठाने. ग्रुपवर नवीन आलेली, मुलुंडचीच, सासू अंथरुणाला खिळलेली म्हणून घराबाहेर पडता न येणारी. तिने नलिनीला वेगळा मेसेज केला. ‘नलिनीताई, ग्रुपवरच्या फोटोतले ते खटखटे लाडू तुम्ही केलेत ना? एवढे निगुतीने कुणासाठी?’

‘माझा मुलगा तिकडेच आहे,’ नलिनीने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शर्मिष्ठाने ते ग्रुपवर जाहीर केलं, आणि पुढच्या खेपेला सुनंदाताई उशी सरकवत म्हणाल्या, “अगं नलिनी, तिथे काय बसलीस? इकडे ये.”

सोफा मिळाला. मैत्रीण तर मिळालीच होती.

शर्मिष्ठा रोज यायची, म्हणजे फोनवर यायची. सकाळी नलिनी भाजी निवडायला बसली की टिंग.

‘आज काय?’

‘लाल माठ. तुमच्याकडे?’

‘सासूबाईंचा उपास. म्हणजे साबुदाणा त्यांचा, वाटण-घाटण माझं, आणि मीठ कमी पडल्याचं पाप पण माझंच.’

नलिनी एकटीच हसायची. धोंडू पेपरातून डोकं वर काढायचा. “कोण गो ता? कधी बघितलंस तिका?”

“बघायला कशाला हवं? तुम्ही मला लग्नाआधी कुठे बघितलं होतंत?”

“म्हणान तर सांगतंय,” धोंडू म्हणायचा आणि परत पेपरात शिरायचा.

एकदा शर्मिष्ठाने लिहिलं, ‘संध्याकाळी समुद्रावर चक्कर मारून आले, बरं वाटलं.’ नलिनी कोकणातली, समुद्राचं नाव निघालं की तिचे कान टवकारायचे. ‘मुलुंडात समुद्र कुठे आला?’ तिने विचारलं. उत्तराला बराच वेळ लागला. मग आलं, ‘अहो, मढला गेलो होतो यांच्याबरोबर.’ अंथरुणाला खिळलेली सासू टाकून? नलिनीच्या मनात आलं, पण तिने ते गिळलं. मैत्रिणीची उलटतपासणी घ्यायची म्हणजे सोफ्यावरून स्वतःहून उठायचं.

शर्मिष्ठाला नितेशचं फार कौतुक. खोक्यावर पत्ता काय घालता, हे तिने असंच बोलता बोलता विचारलं. नलिनीने अभिमानाने समजावलं, की फौजेच्या पार्सलवर गावाचं नाव नसतं, नुसता टपालाचा नंबर असतो. पोरगं कुठे आहे ते पोस्टमनलासुद्धा कळत नाही.

‘बाई गं. आईलासुद्धा नाही?’

‘फोनवर थोडंफार सांगतो.’

‘सांगणारच ना, आईच आहात तुम्ही.’ पुढे एक हात जोडलेलं चित्र.

लाडू पोचले तसा नितेशचा फोन आला. “आई, अर्धे लाडू चंद्रप्रकाशने संपवले. आमचा ड्रायव्हर गं, बिहारचा. म्हणतो, असा लाडू फोडायला हातोडी लागते, पण फोडल्यावर सोडवत नाही.” मागून कुणीतरी “प्रणाम माताजी” ओरडलं. नलिनीने पदर सारखा केला, जणू तो बघतच होता.

मग नितेशचा आवाज उतरला. “आई, ऐक. आम्ही वर चाललोय. रस्ता बरा नाही. बाबांना देवाला गाऱ्हाणं घालायला सांग.” त्याने दिवस सांगितला, कुठून निघणार आणि कुठे जाणार तेही सांगितलं. “आणि बाहेर नको बोलूस. मी सांगायला नाही पाहिजे, पण बाबांचं तुला माहितीये. नेमकं सांगितल्याशिवाय ते नारळाला हात लावत नाहीत.”

ते खरंच होतं. धोंडूच्या गाऱ्हाण्याला गिरणगावात असल्यापासून मान होता. कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, कुणाची आखातातली नोकरी, सगळी धोंडूकडे यायची, आणि त्याचा नियम एकच. माणसाचं नाव, जागा, वेळ, सगळं चोख हवं. “देवाक पत्तोच देऊक नाय तर देव जातलो खंय? तो काय पोस्टमन हा, नंबर वाचून जाऊक?”

शर्मिष्ठाने त्या दिवशी विचारलं, ‘ताई, आज शांत शांत?’

‘काळजी आहे जरा. हे शनिवारी गाऱ्हाणं घालणार आहेत.’

‘नितेशसाठी? ताई, मी गाऱ्हाणं कधी ऐकलंच नाही. रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका ना. आम्ही सगळ्या होय महाराजा म्हणू. जेवढी तोंडं तेवढं बळ, नाही का?’

आता नलिनी काही बावळट नव्हती. भाजीवालीला वजनात फसवता यायचं नाही अशी बाई. ‘बाहेर नको’ हे तिला नीट आठवत होतं. पण बाहेर म्हणजे काय? बाहेर म्हणजे शेजारीपाजारी, नाक्यावर. देवाची गोष्ट कशी बाहेरची होईल? गावाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा सगळी वाडी भोवती उभी असते. गुपचूप घातलेलं गाऱ्हाणं तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी धोंडूने अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे पानाचा विडा आणि नारळ मांडला. नलिनीने फोन धरला.

“बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या राखणदारा...”

“होय महाराजा,” नलिनी म्हणाली.

“आज तुझा लेकरू, नितेश धोंडू, परक्या मुलखात उभा हा. येत्या सोमवारी पहाटेच्या पारार...” आणि धोंडूने ठिकाण सांगितलं, कुठल्या वाटेने, कुठल्या खिंडीतून, किती गाड्यांसोबत, कुठे चढणार. ती नावं इथे पुन्हा लिहायला नकोत. एकदा सांगून झाली तेवढी पुरे. “...तर त्या वाटेर जी काय इडापिडा उभी आसात, ती बाजूक कर, आणि तेच्यासोबत चार पोरां आसत, तेंकाय सांभाळ रे म्हाराजा.”

“होय महाराजा.”

आवाज काय लागला होता म्हाताऱ्याचा. नलिनीच्या अंगावर काटा आला. तिने ते ग्रुपवर टाकलं.

सगळ्यात आधी उत्तर आलं शर्मिष्ठाचं, ‘होय महाराजा’. मग मुख्याध्यापिका, वकीलबाई, सुनंदाताई, घाटकोपरच्या, बोरिवलीच्या, ज्यांना मालवणीचं अक्षर कळत नव्हतं त्यासुद्धा, एकीखाली एक. होय महाराजा, होय महाराजा. नलिनी पोळ्या लाटता लाटता पीठभरल्या बोटाने फोनचा पडदा वर सरकवत होती. एवढा मान तिला लग्नातही मिळाला नव्हता.

तेवढ्यात वेगळा मेसेज आला. ‘सोमवार म्हणजे परवाचाच ना, ताई?’

‘हो,’ नलिनीने लिहिलं.

त्यावर काही आलं नाही. रविवारी भाजी निवडताना फोन गप्प होता. ‘आज काय?’ नलिनीनेच विचारलं. एकच राखाडी खूण उमटली आणि तशीच राहिली. शर्मिष्ठाच्या नावापुढचा तुळशीचा फोटो गेला होता, त्या जागी कोरी आकृती होती. नलिनीने हात पुसले, परत बघितलं. मग नितेशला फोन लावला. लागला नाही. परत लावला.

“अहो,” ती धोंडूला म्हणाली, “ती समुद्रावर फिरायला गेली होती.”

“कोण?”

नलिनीने परत नितेशचा नंबर लावला.

सोमवारी दुपारी टीव्हीच्या खालच्या पट्टीवर त्या खिंडीचं नाव आलं. पुढच्या गाडीवर हल्ला झाला होता. संध्याकाळी नितेशचा फोन आला. तो मागच्या गाडीत होता. “मी ठीक आहे,” एवढं त्याने आधी सांगितलं. मग म्हणाला, “आई, पुढची गाडी चंद्रप्रकाशची होती. तो गेला. तू कुणाला बोलली होतीस का?”

नलिनीने फोन धोंडूच्या हातात दिला. धोंडूने तो कानाला नुसता लावून ठेवला.

त्यानंतर सुनंदाताईंचा फोन. आवाज बारीक. “नलिनी, ते रेकॉर्डिंग पुसून टाक. आम्ही सगळ्यांनी पुसलंय, ग्रुप बंद करतेय. कुणी विचारलं तर आपण फराळापुरत्याच ओळखतो. आणि विचार कर, बाहेर आलं तर नितेशची वर्दी जाईल.”

“आणि ती?”

“कोण ती? तिला कुणी पाहिलंय तरी?”

तेच तर. तिला कुणी पाहिलं नव्हतं, म्हणजे ती आणखी कुठल्या तरी ग्रुपवर, कुठल्या तरी आईला या घडीला विचारत असेल, आज काय भाजी. नलिनीने पुसायला बोट ठेवलं. नितेशची वर्दी त्या बोटाखाली होती. धोंडू समोर बसला होता.

तिने पायात चपला घातल्या. दिंडोशीच्या पोलीस चौकीत टेबलावर फोन ठेवून म्हणाली, “साहेब, हे ऐका. आधी माझ्या मिस्टरांचा आवाज आहे. मग बाकीचं वाचा.”

आता शेवटचा हिशेब. शर्मिष्ठाला, ती जी कोणी होती तिला, काहीच खर्च आला नाही. सुनंदाताईंचा सोफा आहे तिथेच आहे. नितेशची चौकशी चालू आहे, आणि तो आईशी बोलत नाही. धोंडूकडे आता कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं तर तो आवाज बसल्याचं सांगतो. पण हे सगळे भागीदार होते, आपापल्या वाट्यापुरतं देणार होते. सगळी किंमत मोजली ती बिहारातल्या एका बाईने. चंद्रप्रकाशची आई. ती कुठल्याच ग्रुपवर नव्हती, तिने कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि तिच्या मुलाचं नावही त्या गाऱ्हाण्यात कुणी घेतलं नव्हतं.