दुसरी शेगडी

यमुनावहिनी खोटं बोलत नाहीत, हे मला त्यांच्या लग्नापासून माहीत होतं. पण म्हणजे नेमकं किती बोलत नाहीत, हे कळायला २०१४ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी पद्मादादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, पाठीचं ऑपरेशन झालं आणि इंजिनिअरची नोकरी सुटून तो अर्ध्या दिवसाच्या कामावर आला. जर्मनीतल्या हायडेलबर्गचं भाडं मात्र पूर्ण दिवसाचंच राहिलं. मी दोन वर्षांपासून त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत राहत होतो. त्या खोलीचं भाडं दादा घ्यायचा. त्याहून एक सेंट जास्त पुढे केला की तोंड फिरवायचा. "धाकट्याच्या पगारावर घर चालवायचं असेल तर मी पुण्याला परत जाईन," म्हणायचा, आणि तो म्हणतो ते करतो.

म्हणून वोनगेल्डचा अर्ज. कमी मिळकतीच्या घराला सरकार भाड्यासाठी मदत देतं, ती. इतकी वर्षं टॅक्स भरला, हा आपला हक्क आहे, असं दादाचं म्हणणं. हक्क मिळाला तर राहायचं, नाही तर गाशा गुंडाळायचा, असं ठरलं होतं. दादाच्या सात वर्षांच्या मुलीला, स्पृहाला, मराठी नीट कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. तिला पुण्याच्या शाळेत कसं घालणार, या विचाराने माझी झोप उडाली होती.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. घरात राहणारे नातेवाईक रोजचं खाणंपिणं, वाणसामान एकत्र करतात का? करत असतील तर सगळे मिळून एक कुटुंब, आणि सगळ्यांचा पगार धरायचा. माझा पगार धरला की वोनगेल्ड बुडालंच. वेगवेगळं करत असतील तर माझा पगार बाजूला.

मी तो प्रश्न तीनदा वाचला आणि थक्क झालो. एवढा यंत्रांचा देश, आणि सरकार शेवटी विचारतंय काय, तर तुमची चूल एक की दोन!

दादाचा कॉलेजमित्र गुरुदत्त वोल्फ्सबुर्गहून फोनवर हसला. "अरे, हे तर आपलं रेशनकार्ड! कार्ड वेगळं करायचं तर इन्स्पेक्टरला काय दाखवतो आपण? दुसरी चूल. एक शेगडी आणून ठेव खोलीत. विषय संपला."

त्याच संध्याकाळी मी छोटी इलेक्ट्रिक शेगडी घेऊन आलो. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं.

"नुसती ठेवायची नाही, भाऊजी. वेगळं लिहायचं, तर वेगळं जेवायचं."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. कसली चेष्टा! दुसऱ्या दिवसापासून माझं मीठ वेगळं, तेल वेगळं, फ्रिजचा खालचा खण माझा. वोनगेल्डच्या ऑफिसातली भेट तीन आठवड्यांवर होती. इकडे मी करपलेली खिचडी खरवडायचो आणि तिकडून आमटीचा वास यायचा. एकदा कांदा मागितला तर म्हणाल्या, "सुपरमार्केट आठपर्यंत उघडं असतं." माझ्या दहावीला पहाटे उठून डबे करणारी ही बाई! मी रागाने दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

"वारूम इस्ट काका अलाइन?" स्पृहाने जेवताना विचारलं. काका एकटाच का जेवतो? वहिनींनी तिच्या वाटीत आमटी वाढली.

अठराव्या दिवशी मला सणसणून ताप भरला. वहिनी मऊ भात घेऊन आल्या, वर तूप आणि मेतकूट. मी तो मुकाट्याने खाल्ला आणि वर लोणचं नाही म्हणून कुरकुरलो.

भेटीला आम्ही तिघं गेलो. फ्राऊ केसलर नावाच्या वयस्क अधिकारी बाई होत्या. त्यांनी फॉर्म वाचला. "आल्झो, म्हणजे स्वयंपाक वेगळा, सामान वेगळं. करा सह्या."

वहिनींनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "मंगळवारी मी भाऊजींना भात दिला," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या.

दादाने डोळे मिटले. "वहिनी, मी आजारी होतो! एका वाटीने काय होतंय?" मी मराठीत ओरडलोच.

फ्राऊ केसलरही तेच म्हणाल्या. "आजारपणातली वाटी मी धरत नाही." बाईंच्या मनात मदत करायचंच होतं. वहिनींनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

"वाटीचं नाही हो," वहिनी म्हणाल्या. "हे तीन आठवडे मी रोज चौघांचाच भात लावला. तिघांचा लावता येईना. उरलेला सकाळी मी एकटी खायचे. भाऊजींना द्यायचे नाही, कारण लिहून द्यायचं होतं. पण लावला चौघांचाच."

फ्राऊ केसलरनी चष्मा काढला. माझ्या अंगावर काटा आला. या बाईवर मी दोन दिवस रुसलो होतो, आणि ती रोज सकाळी माझ्या वाटणीचा शिळा भात खात होती. देवळात गाभाऱ्यासमोर मान आपोआप खाली जाते, तसं माझं झालं.

"मग तुम्ही चौघं आहात," फ्राऊ केसलर हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी उत्तर बदललं.

दहा दिवसांनी पत्र आलं. दादाने तोवर माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या होत्या. त्याने जेवणाच्या टेबलाशी पाकीट फोडलं. अर्ज नामंजूर. खाली कुटुंबातल्या माणसांची नावं होती: पद्माकर, यमुना, स्पृहा, हृषिकेश. त्याने ती वाचली, मग पुन्हा वाचली. बोट चौथ्या नावावर थांबलं. तो आता पुण्याचं नाव काढणार, असंच मला वाटलं.

"सरकारने लिहून दिलंय, घर चौघांचं आहे," तो म्हणाला. कागद त्याने माझ्याकडे सरकवला. "या महिन्याचं भाडं तू भर, हृषी."

वहिनींनी उठून चौथं ताट घेतलं. मला रडू आवरेना, आणि ते बघून स्पृहाने लोणच्याची बरणी माझ्यापुढे ठेवली.