घोडा मी पाहिला होता

मी डावा दिवा बोलतोय. मोटारीचा, पुढचा. शेजारी उजवाही होता, पण तो अबोल. आपण भले नि आपला रस्ता भला. मला मात्र जन्मापासून भोचकपणाची खोड. कारखान्यात पहिल्यांदा लावून मला पांढऱ्या भिंतीसमोर धरलं, तेव्हा मी आधी भिंतीवरची पाल पाहिली, मग भिंत.

गाडी विकत घ्यायला बाप-लेक आले होते. लोक गाडी घेताना टायरला लाथ मारून पाहतात. त्यातून त्यांना काय कळतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. बाबांनी लाथ मारली नाही. माझ्या काचेवर बोट फिरवून ते म्हणाले, "हिचे डोळे छान आहेत हो!" आवाज असा खणखणीत, की दुकानातले चारजण वळून बघायला लागले. बाबा बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचे. तीस वर्षं अख्खा स्टँड त्यांच्या आवाजावर उठत-बसत होता.

आणि अशा माणसाचा आवाजच गेला. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. समजायचं सगळं, डोळे बोलायचे, पण ओठ नुसतेच हलायचे.

लेक आठवड्यातून दोनदा त्यांना शेजारच्या गावी घेऊन जायची. तिथे बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. वाटेत लेकीची शिकवणी चालूच. "बाबा, ते काय? झाड. म्हणा, झाड." बाबा खिडकीबाहेर बघत बसायचे. मीच मनातल्या मनात म्हणायचो, झाड. मला किती सोपं वाटायचं!

असे आठ महिने गेले. एक दिवस बाई लेकीला दाराशी म्हणाल्या, "एकही शब्द आला नाही. त्यांनाही त्रास होतो. सोमवारी शेवटचं येऊन जा, मग थांबू या."

त्या सोमवारी सकाळी दाट धुकं होतं. आम्ही दोघं दिवे डोळ्यांत तेल घालून बघत होतो, पण धुक्यात आपलाच उजेड आपल्या अंगावर परत येतो. गाडी बेताने चालली होती. तेवढ्यात डावीकडच्या चरातून घोडा वर आला. तपकिरी, ओला, मोकळा सुटलेला. इतक्या जवळून मी घोडा कधी पाहिला नव्हता. खरं सांगतो, भीती वाटायच्या आधी मला त्याच्या पापण्या दिसल्या. केवढ्या लांब!

आणि गाडीतून आवाज आला, "घोडा!"

लेकीने करकचून ब्रेक दाबला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. माणसांचं हे एक नवलच आहे. जेव्हा बघायला हवं, नेमके तेव्हाच डोळे मिटतात. मला मिटता येत नाही. घोड्याचा पुठ्ठा माझ्यावर आदळला, काच फुटली, मागच्या पायाची एक लाथ मडगार्डवर बसली. तो गुडघ्यावर आला, उठला आणि धुक्यात पळून गेला. मग माझा उजेड गेला.

लेकीने डोळे उघडले तेव्हा रस्ता रिकामा होता. ती बाबांकडे वळली. "बाबा, तुम्ही बोललात? बाबा, परत म्हणा ना!" बाबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द नाही.

त्या दिवशी बाईंकडे जाणं राहिलंच. घरी कोणी विश्वास ठेवला नाही. तिचा दादा समजुतीने म्हणाला, "अगं, घाबरून तूच ओरडली असशील. आणि त्या रस्त्यावर घोडा कुठला? गाय असेल." विम्याचा माणूस आला, फोटो काढले आणि कागदावर 'गाय' लिहून गेला. मला असा राग आला! पण फुटक्या दिव्याचं कोण ऐकतं? दोन दिवसांनी लेकीचाही धीर सुटला. "असेल, मीच ओरडले असेन," ती म्हणाली. बाईंना नको कळवायचं, असं ठरलं.

गाडी पत्रा ठोकणाऱ्या मिस्त्रींकडे गेली. मिस्त्रींची एक रीत होती. आलेली गाडी ते आधी धुऊ द्यायचे नाहीत. "धुतली की गाडी खोटं बोलते," म्हणायचे. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचे, मगच हातोडी उचलायचे. डोळे मिटून बघणारा माणूस मी हा एकच पाहिला.

त्यांचा हात मडगार्डवर थांबला. मग माझ्या चौकटीत अडकलेलं काहीतरी त्यांनी हळूच ओढून काढलं.

"ताई, गाय कोण म्हणालं?"

"का हो?"

"हा केस बघा, हातभर लांब. आणि इथे हात लावा. अर्धा गोल लागतोय ना? नालाचा ठसा आहे हा. गायीला कोण नाल ठोकतं असा? घोडा होता, ताई."

लेक खालीच बसली, तेलकट फरशीवर. "मी डोळे मिटले होते," ती म्हणाली. "मला घोडा दिसलाच नव्हता. मग मी घोडा कशी ओरडेन?" आणि हसत हसत रडायला लागली. मिस्त्रींना काही कळेना. त्यांनी आपला रुमाल पुढे केला, तोही काळाकुट्ट.

तिथूनच तिने बाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुरुवारी घेऊन या. आपण थांबत नाही."

गाडीला नवा दिवा बसला. मी भंगारात जाणार होतो, पण लेकीने मला मागून घेतलं. घोडाही सापडला. मिस्त्रींनी चौकशी केली, तर नदीकाठी चरत होता, पुठ्ठ्यावर एक खपली घेऊन. माझा जीव भांड्यात पडला.

आता मी बाबांच्या टेबलावर असतो. काच फुटकी, वायर तुटलेली, उजेड पाडायचं काम संपलं. धुक्यात गाडी चालवणाऱ्यांना एवढंच सांगतो, हळू चला आणि डोळे उघडे ठेवा; समोरच्यालाही घरी जायचं असतं.

माझं नवं काम सकाळचं. लेक मला उचलून बाबांसमोर धरते. "बाबा, हे काय?"

बाबा माझ्याकडे बघतात. कपाळाला आठ्या पडतात, ओठ जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. आणि मग खणखणीत आवाज येतो, "घोडा!"

लेक टाळ्या वाजवते. 'दिवा' म्हणता येईल तेव्हा येईल, मला घाई नाही. तोवर मी घोडा. रोज हाक ऐकली की ओ द्यावीशी वाटते.