दारावरची पाटी

ती गेली हे कळलं तेव्हा मी ग्रंथालयाच्या संगणक खोलीत होतो. नव्या मशीनवर माझ्या स्क्रिप्ट का अडतात, हे विचारायला तिलाच फोन लावला होता. दवाखान्यात तिच्याजवळ बसलेल्या मेहुणीने उचलला. "भाऊजी, ताई गेली," एवढंच म्हणाली.

त्या खोलीत आम्ही दोघांनी एकोणीस वर्षं शेजारी बसून काम केलं. स्क्रिप्ट म्हणजे मशीनने पाळायच्या हुकमांची यादी. ते हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात, आणि कोणतं शेल हवं ते पहिल्या ओळीत लिहायचं असतं. मी तिथे साध्या शेलचं नाव लिहायचो आणि खाली खुशाल बॅश नावाच्या मोठ्या शेलच्या सोयी वापरायचो. जुन्या मशीनवर साध्या नावामागे बॅशच बसलेलं होतं, म्हणून खपून जायचं.

"दारावर पाटी एकाची, घरात राहतो दुसराच," ती म्हणायची. "एक दिवस तोंडघशी पडशील."

"चालतंय ना? मग?"

"चालतंय तोवर चालतंय. मग येशीलच, 'अगं, जरा बघतेस का' करत."

नव्या मशीनवरचं साधं शेल खरोखरच साधं निघालं.

दोन आठवड्यांनी कामावर गेलो. साहेब म्हणाले, "इथेही ते नाव बॅशकडे वळवून टाका. एका ओळीचं काम. कशाला जिवाला त्रास?"

मी नाही म्हणालो. पाटी खरी करायची होती. त्यांनी महिन्याची मुदत दिली. तोवर सगळ्या स्क्रिप्ट धड झाल्या नाहीत, तर ते स्वतः नाव वळवणार.

एकेक फाइल उघडली. जिथे बॅश हवं तिथे तसं लिहिलं, बाकीच्या साध्या केल्या. एकेचाळीस झाल्या. बेचाळिसावी तिची होती, पुस्तकांच्या यादीची प्रत काढणारी. तीही चालेना. वाचत गेलो, तर सतराव्या ओळीत दुहेरी कंस. बॅशची सोय! जिच्यावरून मला इतकी वर्षं टोमणे मारले तीच. मी मोठ्याने हसलो आणि तिला दाखवायला शेजारच्या खुर्चीकडे वळलोसुद्धा.

एक तर पहिली ओळ बदलायची, नाही तर सतरावी. दोन्ही तिच्या हातच्या. सध्या यादीची प्रत मी हातानेच काढतो.

मुदत शुक्रवारी संपते. तिची स्क्रिप्ट दुरुस्त करायची राहिली आहे.