चोराच्या मसुद्यावरचा शेरा

विमा कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागातून कुठलाच मसुदा शेऱ्याशिवाय परत जात नसे. त्यामुळे फसवणुकीची ईमेल आली, की मुख्य लेखनिक ती चहाच्या वेळी मोठ्यानं वाचायचा, सगळे पोट धरधरून हसायचे, आणि मग तो चोराला शेरा पाठवायचा: "राजपुत्राची इस्टेट कुणाला पटते? माणूस जवळचा निवडा." खाली शिस्तीत स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा.

चोर गुणी निघाला. दर आठवड्याला सुधारित मसुदा येऊ लागला. एकदा त्यात कुणी लेक आईकडे बँकेचा पासवर्ड मागत होता. लेखनिकानं लिहिलं, "आईला 'आदरणीय महोदया' कोण म्हणतं? आधी 'जेवलीस का' विचारा. शिवाय कुणीतरी तिला फोन करून अडवणारच. तेही आधीच सांगून ठेवा."

विभाग हसून लोटपोट झाला. त्यानंतर मात्र ईमेल यायच्या थांबल्या.

महिन्याभरानं आईचा निरोप आला: "पासवर्ड पाठवतेय रे. जेवलीस का विचारलंस, बरं वाटलं."

लेखनिक ताडकन उठला. त्यानं फोन लावला. "आई, काही पाठवू नकोस! ती ईमेल माझी नाही!"

"असा फोन येणार, हे माझ्या लेकानं कालच कळवलंय."

"अगं, तुझा लेक मीच!"

"आवाज मात्र हुबेहूब काढलास हो, मेल्या," आई कौतुकानं म्हणाली. फोन बंद व्हायच्या आधी, ती एकेक अक्षर पुटपुटत कळा दाबत असल्याचं त्याला ऐकू आलं.