हवेचा नळ

"यापुढे या घरात हाताने काहीही करायचं नाही. सगळं हवेवर चालेल!" साहेबांनी जेवणाच्या टेबलावरून घोषणा केली आणि साखरेच्या बरणीचं झाकण निघेना म्हणून ती बायकोकडे सरकवली.

बाईंनी झाकण काढून दिलं. साहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्या बऱ्याच गोष्टींवर गप्प राहायला शिकल्या होत्या. त्या स्वतः शिवणकाम करत. त्या कधी निवृत्त होणार, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

घरामागच्या गॅरेजच्या अर्ध्या भागात बाईंचं शिलाई मशीन होतं, उरलेल्या अर्ध्यात साहेबांचं वर्कशॉप. तिथे कॉम्प्रेसर आला. त्याची हवा खिडकीजवळच्या टेबलापर्यंत न्यायला साहेबांनी पांढरा प्लॅस्टिकचा पाइप टाकला. आयुष्यभर ओळखीचा, नळाचा. तो छताखालून निघाला तो थेट बाईंच्या खुर्चीवरून. सायकलीचा जुना हातपंप साहेबांनी मेहुण्याला देऊन टाकला. "घेऊन जा, म्युझियममध्ये ठेवा!"

पंप न्यायला आलेल्या मेहुण्याची मान वर गेली ती वरच राहिली.

"दाजी, हा पाण्याचा पाइप आहे. पाण्याने फुटला तर भिजवेल. हवेने फुटला तर त्याच्या सुऱ्या होऊन उडतील."

"मेहुणे, मी अख्ख्या शहराला पाणी पाजलंय. मला पाइप शिकवू नका."

मेहुणा गेल्यावर साहेबांनी रीतसर चाचणी घेतली. खात्यात घ्यायचे तशीच. पाइप पाण्याने गच्च भरला, पाण्याच्या पंपाने दाब दिला, चष्मा लावून एकेक सांधा तपासला. "थेंबभर गळती नाही!"

"अहो, पण त्यातून हवा जाणार आहे ना?"

"पाण्यात पास झालेला पाइप हवेत नापास कसा होईल?"

"बरं. मग निदान माझी खुर्ची तरी हलवा."

"खुर्ची हलवली तर आपणच पाइपवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना हेल्मेट आणून दिलं. पिवळं.

"हे घालून सुईत दोरा ओवू?" बाईंनी विचारलं. मग त्यांनी खुर्ची आत नेली, मशीन उचललं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. साहेब ओट्याशी उभं राहून जेवू लागले, पण पाइप काढला नाही. बाईंच्या जागी गॅरेजात कपडे बेतायचा कापडी पुतळा राहिला होता, अंगात कुणाचातरी अर्धा शिवलेला कोट. हेल्मेट वाया जाऊ नये म्हणून साहेबांनी ते पुतळ्याच्या मुंडीवर ठेवलं.

पाइप टिकला. साहेब रोज सकाळी कॉम्प्रेसर चालू करून स्वयंपाकघरात येत आणि भाजी चिरणाऱ्या बाईंना म्हणत, "पाहिलंस?" बाईंना पाइपापेक्षा त्या "पाहिलंस"चाच जास्त वैताग आला होता.

एका सकाळी साहेब "पाहि" एवढंच म्हणाले आणि गॅरेजात बार झाला.

दोघं धावत गेले. कॉम्प्रेसर फुसफुसत होता. साहेब दारातच खिळून राहिले, तेव्हा बाईंनीच बटण बंद केलं. बाईंच्या जागेवर छताखाली पाइप नव्हताच, जमिनीवर त्याच्या कपच्या पसरल्या होत्या. त्यातली एक, बोटभर लांब, पुतळ्याच्या गळ्यात कॉलरच्या जरा वर रुतली होती. हेल्मेटवर साधा ओरखडाही नव्हता.

साहेबांनी पुतळ्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायाशी फरशीवर उमटलेल्या, खुर्चीच्या पायांच्या जुन्या खुणांकडे. ती कपची त्यांनी दोन्ही हातांनी उपसून काढली. उरलेला पाइपही त्यांनी तेव्हाच उतरवला आणि फाटकाबाहेर नेऊन टाकला.

बाई कंबरेवर हात ठेवून वाट पाहत उभ्या होत्या. त्यांना फार नको होतं. एखादं "चुकलं माझं" चाललं असतं.

साहेबांनी घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अगं," ते म्हणाले, "जरा तुझ्या भावाला फोन लावतेस? सायकलीत हवा नाही. तो पंप परत देतो का विचार."