मापवहीतली हृदयाची पट्टी

मित्रांनो, माझी रुंदी तीन बोटं आणि लांबी साधारण हातभर. अंगावर फिकट गुलाबी चौकोन आहेत आणि त्यांच्यावरून एका बाईच्या हृदयाची रेघ गेलेली आहे. मी ईसीजीची जुनी पट्टी आहे. वय नऊ वर्षं. कागदाच्या मानाने बरंच झालं.

माझा जन्म एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाला. त्या दिवशी खाटेवर शिवणकाम करणारी एक बाई झोपली होती. गल्लीतले सगळे तिला मावशी म्हणत. पट्टी काढणाऱ्या ताईंनी तिच्या हातापायांना चिमटे लावले, छातीवर वायरी चिकटवल्या.

"शॉक नाही ना बसणार?" मावशीने विचारलं.

"आम्ही वीज देत नाही हो. तुमच्या हृदयातलीच वीज टिपून घेतो."

यंत्रातून मी सरकू लागले, सेकंदाला पंचवीस बारीक चौकोन, ना कमी ना जास्त. एक तापलेली सुई माझ्यावर टेकून वरखाली होत होती. ती जिथे टेकली तिथे मी काळी झाले. शाई नव्हतीच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मावशी उठून बसली आणि डोकावून पाहू लागली. ताईंना शिकवायची हौस होती.

"ही पहिली बारीक चूण दिसते? ही पी. इथे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत वीज पसरते आणि ते आवळतात. मग ही सपाट रेघ. वीज मधल्या नाक्यावर जरा थबकते, तोवर वरचं रक्त खाली उतरतं. मग हे सुईसारखं टोक, क्यूआरएस. खालचे दोन मोठे कप्पे जोरात आवळतात आणि रक्त अंगभर जातं. शेवटची ही सैल, रुंद चूण म्हणजे टी. खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी तयार होतात."

"म्हणजे चूण, टाका, चूण," मावशी म्हणाली.

"अगदी! आणि टाका झटपट पडायला हवा, तीन बारीक चौकोनांच्या आत. तुमचा चार घेतो. शिवाय छातीवरच्या पहिल्या वायरीच्या जागी त्याला दोन टोकं आहेत, सशाच्या कानांसारखी."

तिथल्या डॉक्टरांनी मावशीला नीट तपासलं. "उजवीकडची वीज थोडा वळसा घालून पोहोचते. तुम्हाला त्रास काही नाही, तेव्हा हरकत नाही. पण पट्टी जपून ठेवा. पुढे कोणी विचारलं, तर हे जुनंच आहे हे दाखवता येईल."

ताईंनी कागदाचे दोन तुकडे केले. हातापायांचा एक आणि छातीचा दुसरा. दुसरा म्हणजे मी. मागे बॉलपेनने नाव आणि तारीख लिहिली. "झेरॉक्स काढून ठेवा हं."

मावशीचे यजमान, म्हणजे काका, निवृत्त कारकून. जपणे या शब्दाचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता, लॅमिनेशन. पहिला तुकडा त्या गरम यंत्रात गेला आणि कोळशासारखा काळा होऊन बाहेर आला. मी लॅमिनेशनच्या पाकिटात मावत नव्हते, म्हणून वाचले.

"अहो, माझं काळीज जाळून आणलंत की!"

"अगं, दुकानदार म्हणाला, पन्नास वर्षं टिकेल."

"टिकेल ना. काळं आता कुठे जातंय?"

मावशीने मला उलटसुलट पाहिलं. चौकोन तिला आवडले, प्रत्येक बारीक चौकोन बरोबर एक मिलिमीटरचा. तिने मला मापवहीत ठेवून दिलं. आठ वर्षं मी काजं आणि चुणा मोजल्या. माझ्यावरची रेघ कोणी वाचली नाही. वही खिडकीपाशी असे. माझं एक टोक दोन बोटं बाहेर राही आणि उन्हाने त्यावरची रेघ उडत गेली.

मग मावशीला मोतीबिंदू झाला. दोरा ओवता येईना. शिलाईच्या यंत्रावर चादर पडली आणि मापवही आठ महिने उघडली नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनआधी नव्या दवाखान्यात ईसीजी झाला. तिथलं बोलणं मी नंतर ऐकलं. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, इथे दोन टोकं दिसतात. नवीन असतील तर आधी हृदयाची तपासणी. तिचा नंबर तीन महिन्यांनी लागतो."

काकांनी फाइल उघडली आणि काळा तुकडा पुढे केला.

"काका, हे काय आहे?"

"ईसीजी."

"होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशी टेबलावरच्या नव्या कागदाला डोळे लावून बसली होती. "हे गुलाबी चौकोन... अहो, असलीच पट्टी माझ्या मापवहीत आहे! पळा!"

काका धापा टाकत वही घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी आधी तारीख पाहिली, मग मला खिडकीशी धरलं. छातीची पहिली जागा नेमकी माझ्या उन्हाने खाल्लेल्या टोकाला होती.

"इथे कोरं आहे हो."

काका खुर्चीत बसले.

"थांबा." डॉक्टरीणबाईंनी मला तिरकं केलं. "या जागेचे शेवटचे दोन ठोके राहिलेत." त्यांनी चौकोन मोजले. चार. टोकं मोजली. दोन. नवा कागद माझ्या शेजारी ठेवला. "तसूभर फरक नाही. मावशी, हा तुमचा नऊ वर्षांचा जुना ससा आहे. डोळ्याचं खुशाल करून घ्या."

त्याच दिवशी माझी झेरॉक्स निघाली.

ऑपरेशननंतर महिन्याभराने मावशीने पहिल्यांदा सुईत दोरा ओवला. मग वही उघडून मला उजेडात धरलं. "चूण, टाका, चूण. अहो, इकडे या, वाचून दाखवते."

"आता हिला लॅमिनेट..."

"झेरॉक्सला करा काय करायचं ते. हिला हात लावायचा नाही!"

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी पट्टी असेल, तर आजच तिची झेरॉक्स काढा. तिला ऊन दाखवू नका, गरम यंत्रात घालू नका. माझ्यावरचे ते दोन ठोकेही आता फिकट होत चालले आहेत. एक दिवस रेघ जाईल. चौकोन छापलेले आहेत, ते राहतील. काजं मोजायला तेवढे पुरतात.