लात्तेस मास्तरांची निधनवार्ता

"उद्याच्या अंकात नाही, बाई. परवाच्याही नाही. कुठल्याच नाही."

बारात्तीने कागद काचेखालून हळूच परत सरकवला. कासाले गावच्या वर्तमानपत्रात निधनवार्ता घेण्याचं काम तो वीस वर्षं करत होता.

"जागा नाही का?" एर्नेस्ताबाईंनी विचारलं.

"जागा आहे. हुकूम नाही. ज्यूंच्या निधनवार्ता छापायच्या नाहीत, असं रोमहून आलंय."

"जगलेलं चालत नाही, मेलेलंही चालत नाही. मग आम्ही करायचं तरी काय?"

बारात्तीला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

बाईंचे यजमान, ओरेस्ते लात्तेस मास्तर, पहाटे गेले होते. उद्या दहाला दफन. गावात ज्यू उरले होते मूठभर, त्यांतले निम्मे काठी टेकत चालणारे. पण मास्तरांनी एकतीस वर्षं गावाची मुलं शिकवली होती. त्या मुलांना कळलं तर मास्तर एकटे जाणार नव्हते. म्हणून बाई तशाच घराबाहेर पडल्या होत्या. कुणाकडे माणूस गेलं की वार्तेचा मजकूर लिहून घ्यायला लोक मास्तरांकडेच येत. ते दोन ओळींत माणूस उभा करीत. स्वतःचाही मजकूर त्यांनी खणात लिहून ठेवला होता. बाईंनी तो न वाचताच आणला. मास्तरांचं लिहिलेलं तपासावं, हे त्यांना जन्मात सुचलं नव्हतं.

"माझ्या आईचाही त्यांनीच लिहिला होता," बारात्ती म्हणाला.

"माहीत आहे. त्या दिवशी तू आमच्याकडेच जेवलास."

त्याने टाक शाईत बुडवला. "नाव गाळून छापतो. 'एक शिक्षक वारले.' कळणाऱ्यांना कळेल."

"आणि न कळणाऱ्यांची सोय होईल. वाच तरी, काय गाळतोयस ते."

त्याने कागद पुन्हा ओढून घेतला. "'ओरेस्ते लात्तेस, या गावचा शिक्षक. लढाईत एक कान गमावला, दुसऱ्याने मुलांचं ऐकलं. बायकोच्या हातचं जेवून म्हातारा झाला.' पुढचं खोडलंय."

"ते वाच."

"'आपल्या देशावर अखेरपर्यंत विश्वास ठेवून गेला.'"

बाईंनी हात पुढे केला. वाक्याची शाई विटली होती. वरची रेघ काळीभोर होती.

"एकच रेघ," बारात्ती पुटपुटला. "वर्गात सांगायचे, चूक गिरमिटून झाकू नका. काय चुकलं ते वाचता आलं पाहिजे."

देशाला सोनं हवंय असं सरकार म्हणालं, तेव्हा बाईंनी लग्नाची सोन्याची अंगठी देऊन पोलादी घातली होती. शाळेतून काढल्याचं पत्र आलं तेव्हा मास्तरांनी त्याची नीट घडी घातली. "चार टाळक्यांचं काम आहे, एर्नेस्ता. देश म्हणजे ते नव्हेत." भाच्याने आर्जेंटिनाला बोलावलं, बाईंनी ट्रंका भरल्या, मास्तरांनी त्या रिकाम्या केल्या. कालपरवापर्यंत सकाळच्या कॉफीला म्हणत होते, जातील हे दिवस. आणि खणात ही रेघ.

"मला सांगायचं होतंत," बाई कागदाला म्हणाल्या. "दोघं मिळून रडलो असतो."

"बाई, मग छापू का? नावाशिवाय?"

"नको. तुझी नोकरी सांभाळ."

घरी आल्यावर त्यांनी पिठाची खळ शिजवली. नवा कागद घेतला, मजकूर स्वच्छ उतरवायला बसल्या, आणि टाक खाली ठेवला. मास्तरांचाच कागद त्यांनी इमारतीच्या मोठ्या दाराला लावला. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: उद्या, सकाळी दहा.

तळमजल्यावरची कार्लोत्ता हात पुसत बाहेर आली. तिच्या नवऱ्याची वार्ताही मास्तरांनीच लिहिलेली. तिने सगळं वाचलं. खोडलेलं दोनदा वाचलं.

"फार वाईट झालं हो. देवमाणूस होता." मग आवाज उतरवून म्हणाली, "पण बाई, हे वर तुमच्या दाराला लावा ना. इथं सगळ्यांचं येणंजाणं आहे."

"म्हणून तर इथं लावलंय."

"उद्या कुणी आम्हाला विचारलं म्हणजे?"

"सांगा, बाईंनी ऐकलं नाही."

कार्लोत्ताने आत जाऊन दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. खळ अजून ओली होती, वाऱ्याने कागदाचा कोपरा उचलला जात होता. एर्नेस्ताबाई त्यावर तळवा दाबून उभ्या राहिल्या. येणारेजाणारे त्यांच्या हाताखालून वाचत होते.